एका वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन मूल कुठे जाणार?

प्रति,
मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग,
बहादूर शाह जफर मार्ग, नवी दिल्ली.

महोदय,



दिल्ली विद्यापीठात 2022 साली ज्या मुलांनी प्रवेश घेतला, ती नव्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी. सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा देऊन आलेलीही तीच पहिली. त्या मुलांना प्रवेशाच्या वेळीच सांगण्यात आले होते की आता शिक्षण मध्येच सुटले तरी हात रिकामे राहणार नाहीत. एक वर्ष पुरे केले तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका, तीन केली तर पदवी आणि चार केली तर ऑनर्स. 2025 मध्ये ही तुकडी चौथ्या वर्षाला पोचली, तेव्हा वर्गखोल्या पुरतील का, शिक्षक पुरतील का, यावर विद्यापीठात पुष्कळ चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर जे बाहेर पडतात, त्यांच्या हातातल्या कागदाचे पुढे काय होते, याची चर्चा मला कुठे ऐकू आली नाही. हे पत्र त्या मुलांसाठी आहे.

मी दिल्लीत अनेक वर्षे राहणारी मराठी बाई आहे. लातूर, यवतमाळ, जळगाव, बेळगाव अशा ठिकाणांहून इथे शिकायला येणाऱ्या मुलांचे आईवडील ओळखीतून माझा नंबर मिळवतात आणि फोन करतात. आधी खोलीची आणि जेवणाची चौकशी होते. मग हळूच खरा प्रश्न येतो. "ताई, हा जो कोर्स आहे, तो डिग्रीच आहे ना?" कोणी विचारते, "नोएडाच्या कॉलेजने पीजीडीएम म्हटलंय, म्हणजे एमबीएच ना?" कोणी म्हणते, "घरची अडचण आहे, पोराला एका वर्षाने परत बोलवावं लागेल, पण सर्टिफिकेट मिळणार आहे म्हणे." ही माणसे अडाणी नाहीत. त्यांच्यात शिक्षक आहेत, एसटीतले कंडक्टर आहेत, ग्रामपंचायतीत काम केलेल्या बाया आहेत. तरी त्यांना हे प्रश्न पडतात, कारण उत्तर एका जागी, त्यांना कळेल अशा भाषेत कुणी लिहून ठेवलेले नाही.

आमच्या घरांत कागदांची एक फाइल असते. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला असतो, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, बोर्डाचे मायग्रेशन सर्टिफिकेट, टायपिंगचे तीस-चाळीस शब्दांचे, एमएस-सीआयटीचे. यातल्या निम्म्या कागदांना लोक सर्टिफिकेट म्हणतात. आता त्याच फाइलमध्ये विद्यापीठाच्या एका वर्षाचे सर्टिफिकेट येऊन पडते. इग्नूच्या मैदान गढीहून येणारे सहा महिन्यांचे सर्टिफिकेटही त्यातच. इग्नूचे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र साधारण 16 श्रेयांकांचे असते. तुमच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्याप्रमाणे पदवीपूर्व प्रमाणपत्राला 40 श्रेयांक लागतात आणि वर उन्हाळ्याच्या सुटीत 4 श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम. एका श्रेयांकाला 30 तास धरले, तर 40 श्रेयांक म्हणजे 1200 तासांचा अभ्यास. कागद दोन्ही सारखेच दिसतात. लिपिकाच्या टेबलावर ते शेजारी शेजारी पडले तर त्याने काय समजायचे?

आयोगाने यावर काम केले आहे, हे मला ठाऊक आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा 2023 साली आला. त्यात प्रत्येक शिक्षणाला एक स्तर ठरवला आहे. बारावी म्हणजे स्तर 4. पदवीपूर्व प्रमाणपत्र 4.5, पदविका 5, तीन वर्षांची पदवी 5.5, चार वर्षांची ऑनर्स पदवी 6, आणि सगळ्यात वर पीएच.डी. म्हणजे 8. मुलाने मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करू शकतो. लग्न झाल्यामुळे किंवा वडील आजारी पडल्यामुळे शिक्षण सुटलेल्या मुलीला दोन वर्षांनी परत त्याच जागी येता यावे, ही कल्पना मला मनापासून आवडते. पूर्वी तिची दोन वर्षे पाण्यात जायची. विद्यापीठाच्या दफ्तरात ती "अनुत्तीर्ण" नाहीतर "गैरहजर" म्हणून उरायची. म्हणून हे पत्र त्या कल्पनेच्या विरोधात नाही. ती अर्धी राहिली आहे, एवढेच म्हणणे आहे.

अर्धी कशी, ते सांगते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा संगणकाचा छोटा अभ्यासक्रम 2001 पासून चालतो. दोन-तीन महिन्यांत होतो. तालुक्याच्या गावात, एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा वर्ग असतो. तरी त्या प्रमाणपत्रासाठी मुले रांगा लावत आली, कारण राज्य शासनाने लिपिकाच्या आणि इतर कितीतरी पदांच्या सेवाप्रवेश नियमांत संगणक अर्हता म्हणून त्याला जागा दिली. टायपिंगचेही तसेच. डी.एड. बघा. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका. एका पिढीतल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या मुलींनी ती केली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाल्या. घरातली पहिली पगाराची नोकरी त्या पदविकेने आणली. भरतीच्या नियमात "डी.एड." असे लिहिलेले होते, म्हणून हे घडले.

आता दिल्ली विद्यापीठाची पदवीपूर्व पदविका घ्या. तीही बारावीनंतर दोन वर्षांची. राष्ट्रीय आराखड्यात तिला स्तर 5 आहे. पण ती हातात घेऊन मूल लोधी रोडला, सीजीओ संकुलातल्या कर्मचारी निवड आयोगाकडे गेले, तर काय होईल? सीएचएसएल परीक्षेला बारावी लागते, सीजीएलला पदवी. शाहजहान रोडवरच्या धौलपूर हाउसमध्ये, केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे, नागरी सेवा परीक्षेला पदवी लागते. बँकेच्या लिपिकाला पदवी लागते. दिल्ली पोलिसांच्या शिपायाला बारावी लागते. गावी परत गेले तर तलाठ्याला पदवी आणि पोलीस भरतीला बारावी. या दोहोंच्या मध्ये काही नाही. दोन वर्षे राजधानीत शिकून, 88 श्रेयांक मिळवून, ते मूल भरतीच्या रांगेत बारावीवाल्यांच्यातच उभे राहते. उलट दिल्लीतल्याच पुशाच्या तंत्रनिकेतनातून दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका घेतलेला मुलगा कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला बसू शकतो आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशही मागू शकतो. नाव दोघांच्या कागदाचे पदविकाच.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, महोदय. कागदाचे मोल तो मान्य करणाऱ्याच्या नियमात असते. आयोगाने पायऱ्या आखल्या, पण त्या पायऱ्यांची नोंद भरतीच्या नियमांत व्हावी म्हणून कर्मचारी निवड आयोगाशी, राज्यांच्या लोकसेवा आयोगांशी, बँकांशी, रेल्वेशी बोलणे झाले का? झाले असेल तर त्याचे फळ कुठे दिसत नाही. झाले नसेल तर पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्या मुलाला "तुझे हात रिकामे नाहीत" असे आपण कोणत्या आधारावर सांगतो?

मध्येच बाहेर पडणारी मुले हौसेने पडत नाहीत, हे इथे मुद्दाम लिहिते. धोरणाच्या कागदांत लवचीकता, निवडीचे स्वातंत्र्य असे शब्द येतात. मुखर्जीनगर, विजयनगरच्या खोल्यांमध्ये मी जे पाहते, त्यात निवड फार थोडी असते. सोयाबीनचा भाव पडतो, बापाचे ऑपरेशन निघते, बहिणीचे लग्न ठरते. घरून फोन येतो आणि मूल बॅग भरते. ज्यांच्या घरी पैसा आहे ती मुले चार वर्षे राहून ऑनर्स करतात, सहा सत्रांत 75 टक्क्यांवर गुण असतील तर संशोधनासह ऑनर्स करतात, नंतर एका वर्षात एम.ए. करतात. हे सगळे नव्या व्यवस्थेने दिलेले आहे आणि चांगलेच आहे. पण म्हणजे वरच्या पायऱ्या पैसेवाल्यांच्या आणि खालच्या गरिबांच्या, अशी वाटणी आपोआप होते. ती होऊ नये असे वाटत असेल तर खालच्या पायऱ्यांना बाजारात आणि सरकारी कचेऱ्यांत किंमत मिळवून देणे हे आयोगाचे काम ठरते. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीनेही सप्टेंबर 2023 च्या अहवालात या मध्येच बाहेर पडून परत येण्याच्या व्यवस्थेबद्दल शंका मांडली होती. किती मुले कधी जातील आणि कधी परत येतील याचा अंदाज कॉलेजांना बांधता येणार नाही, हा तिचा मुद्दा होता. तो संस्थांच्या बाजूने होता. मुलांच्या बाजूचा मुद्दा मी इथे लिहिला.

दिल्लीने हा प्रयोग एकदा आधीही सोसला आहे. जुलै 2013 मध्ये कुलगुरू दिनेश सिंह यांच्या काळात चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. तेव्हाही दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स, आणि सुरुवातीला सगळ्यांना 11 पायाभूत विषय. वर्ष संपता संपता सरकार बदलले, आयोगाने अभ्यासक्रम मागे घ्यायला सांगितले आणि 27 जून 2014 रोजी विद्यापीठाने तो मागे घेतला. ऐन प्रवेशाच्या तोंडावर. एक वर्ष चार वर्षांच्या हिशेबाने शिकलेल्या मुलांना तीन वर्षांच्या साच्यात बसवावे लागले. त्या मुलांनी काय चूक केली होती? त्यांनी विद्यापीठाच्या पुस्तिकेवर विश्वास ठेवला होता. आठ वर्षांनी तसाच आराखडा राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा म्हणून परत आला, तेव्हा मुलांनी परत विश्वास ठेवला. हा विश्वास मोठी ठेव आहे आणि ती आयोगाकडे आहे.

महाराष्ट्रातल्या जुन्या लोकांना असा एक बदल आठवतो. 1975 च्या सुमारास अकरावीची मॅट्रिक गेली आणि दहावीची एसएससी आली. पुढे कितीतरी वर्षे नोकरीच्या अर्जात "जुनी मॅट्रिक म्हणजे आताची कितवी" हा प्रश्न येत राहिला. पण त्या वेळी नोकरी देणाऱ्यांनी तो कागद नाकारला नाही, कारण जुन्याचे नव्याशी नाते सरकारने स्वतःच कागदोपत्री लावून दिले होते. आता नाते लावणारे कुणी नाही.

आता पीजीडीएमकडे येते, कारण दिल्लीच्या आसपास हा प्रश्न सगळ्यात जास्त पैसे खातो. नोएडा, ग्रेटर नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद इथे व्यवस्थापन शिकवणाऱ्या खाजगी संस्था पुष्कळ आहेत. विद्यापीठाशी संलग्न नसलेली स्वायत्त संस्था एमबीए ही पदवी देऊ शकत नाही. ती तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, मान्यतेने पीजीडीएम ही दोन वर्षांची पदविका देते. ही पदविका खोटी नाही. चांगल्या संस्थेची असेल तर तिच्या जोरावर उत्तम नोकऱ्या मिळतात. अहमदाबादची आणि इतर आयआयएमसुद्धा 2017 चा कायदा होऊन जानेवारी 2018 मध्ये अमलात येईपर्यंत पदविकाच देत होत्या, आणि त्या पदविकेपुढे देशातल्या बहुतेक पदव्या फिक्या पडत. पण पुढे पीएच.डी. करायची असेल, सरकारी नोकरी करायची असेल, तर पीजीडीएमला भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे का हे बघावे लागते. हा संघ तुमच्या कार्यालयापासून थोड्याच अंतरावर, आयटीओजवळ आहे. जळगावच्या बापाला त्याचे नावही माहीत नसते. तो शेत गहाण टाकून फी भरतो आणि दोन वर्षांनी कळते की कुठल्या तरी अर्जात "पदव्युत्तर पदवी" या रकान्यात काय भरायचे हे कोणी सांगू शकत नाही. त्यात आणखी एक वर्षाची पीजी डिप्लोमा नावाची वेगळीच पदविका असते, जी पदवीनंतर करतात आणि जिचे पीजीडीएमशी काही नाते नाही.

यातला सगळ्यात वाईट अनुभव दिल्लीने आयआयपीएमच्या वेळी घेतला. वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिराती देणारी ही संस्था आयोगाची किंवा एआयसीटीईची मान्यता नसताना वर्षानुवर्षे चालली. सप्टेंबर 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला एमबीए, बीबीए, बिझनेस स्कूल असे शब्द वापरायला मनाई केली. तोवर किती तुकड्या बाहेर पडल्या होत्या! आयोगाने आधी नोटिसा काढल्या होत्या, हे खरे. पण नोटीस आयोगाच्या संकेतस्थळावर आणि जाहिरात घरोघरच्या पेपरात, अशी ती लढत होती.

पदवी कोण देऊ शकतो, हे 1956 च्या तुमच्या कायद्यात अगदी स्पष्ट आहे. 22 वे कलम म्हणते की संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. 23 वे कलम म्हणते की ज्याला अधिकार नाही त्याने आपल्या नावात "विद्यापीठ" हा शब्द लावू नये. आणि हे मोडणाऱ्याला 24 व्या कलमात दंड लिहिला, जास्तीत जास्त 1000 रुपये. 1956 साली ती रक्कम मोठी असेल. आज दिल्लीत एका विद्यार्थ्याचा महिन्याचा डबासुद्धा त्यात येत नाही.

तुमच्याच कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये जाहीर केलेल्या यादीत 20 बनावट विद्यापीठे होती, त्यातली 8 एकट्या दिल्लीत. त्यातल्या एकाचा पत्ता दर्यागंज. बहादूर शाह जफर मार्गावरून चालत निघाले, दिल्ली गेट ओलांडले की दर्यागंज येते. दुसऱ्या एकाचा पत्ता राजेंद्र प्लेसचा. करोल बाग आणि राजेंद्रनगरात स्पर्धा परीक्षेसाठी राहणारी आमची मराठी मुले त्याच मेट्रो स्थानकावर चढतात-उतरतात. यादीत नागपूरचे एक नाव होते आणि बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकचेही एक. म्हणजे इकडे दिल्लीत आणि तिकडे आमच्या गावाकडेही हे जाळे आहे. यादी दरवर्षी निघते, वर्तमानपत्रात एक दिवस छापून येते, आणि तीच ती नावे पुढच्या वर्षी पुन्हा यादीत असतात. लक्ष्मीनगरच्या भिंतींवर "वर्ष वाचवा, पदवी मिळवा" असे कागद चिकटलेले असतात. ज्याचे शिक्षण गरिबीने मध्येच सुटले आहे, तोच ते कागद थांबून वाचतो. पहिल्या वर्षाच्या खऱ्या प्रमाणपत्राला कुणी विचारत नाही असे त्याला कळले, की खोट्या पदवीच्या दाराशी जायला त्याला फार वेळ लागत नाही. मी या दोन गोष्टी एकाच पत्रात लिहिते आहे, त्याचे कारण हेच.

छत्तीसगडचा दाखला आयोगात सगळ्यांना पाठ असेल. 2002 च्या राज्य कायद्याने तिथे खाजगी विद्यापीठे धडाधड निघाली, शंभराच्या वर. प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 2005 मध्ये न्यायालयाने त्या विद्यापीठांना जन्म देणारी कलमेच रद्द केली. न्यायालयाने तिथल्या विद्यार्थ्यांचाही विचार केला, म्हणून त्यांचे वाटोळे झाले नाही. ते प्रकरण यशपाल यांच्यासारख्या वैज्ञानिकाने लावून धरले म्हणून तडीस गेले. प्रत्येक खोट्या विद्यापीठामागे असा माणूस कुठून आणायचा?

एक गोष्ट आयोगाने नीट केली, तिचाही उल्लेख करते. दिल्ली विद्यापीठाचे स्कूल ऑफ ओपन लर्निंग 1962 पासून आहे. दिवसा नोकरी करून, घर सांभाळून शिकणाऱ्या लाखो लोकांनी तिथून पदव्या घेतल्या. तरी मुलाखतीत "करस्पॉन्डन्सवाले" म्हणून नाक मुरडणारे भेटायचे. सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने स्पष्ट लिहून दिले की मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. एका छोट्या परिपत्रकाने किती लोकांची मान ताठ झाली, ते त्या लोकांना विचारा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून शिकलेल्या आमच्या गावाकडच्या बायांनी तो कागद छापून फाइलमध्ये ठेवला आहे. पदवीपूर्व प्रमाणपत्र आणि पदविकेबद्दल मला आयोगाकडून असाच एक कागद हवा आहे, आणि तो भरती करणाऱ्यांच्या सहीनिशी हवा आहे.

तो येईपर्यंत निदान इतके तरी करता येईल. औषधाच्या पाकिटावर आत काय आहे, कोणी बनवले, कोणत्या परवान्याने बनवले हे छापणे सक्तीचे असते. विद्यापीठाच्या प्रत्येक कागदावरही तसे छापा. स्तर कोणता, श्रेयांक किती, हा कागद कोणत्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाने दिला, परत येण्याची मुदत कधीपर्यंत आहे. आणि शेवटी एक ओळ, की या कागदावर आज कोणत्या परीक्षा देता येतात आणि कोणत्या देता येत नाहीत. ही ओळ छापायला लाज वाटत असेल, तर ती लाज कशाची आहे याचा विचार आयोगाने करावा. प्रवेशाच्या पुस्तिकेतही ती हवी. "एका वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र मिळेल" या वाक्याच्या लगेच खाली, त्याच टाइपात, "सध्या बहुतेक सरकारी भरतीत या प्रमाणपत्राची अर्हता बारावीइतकीच धरली जाते" असे वाक्य हवे. आईवडिलांना खरे कळले तर कित्येक जण कर्ज काढून का होईना, मुलाला तिसऱ्या वर्षापर्यंत ठेवतील. निदान काय गमावतो आहोत हे माहीत असताना निर्णय घेतील.

हे सगळे मराठीत हवे, हिंदीत हवे, तमिळ-बंगालीतही हवे. सीयूईटीची परीक्षा 13 भाषांत घेता येते, मग पदव्यांचे स्तर समजावणारे चार पानी पत्रक 13 भाषांत का निघू नये? ते जिल्हा परिषदेच्या शाळांत, कनिष्ठ महाविद्यालयांत, एसटी स्थानकांवरच्या फलकांवर लावता येईल. बनावट विद्यापीठांची यादीही त्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर येऊ दे, पत्त्यासकट.

आणि परत येणाऱ्या मुलांसाठी कॉलेजात एक माणूस नेमा. तीन वर्षांच्या आत परत या, असे नियम म्हणतो. पण आलेल्या मुलीने कुणाला भेटायचे? तिची जागा भरली असेल तर? अभ्यासक्रम मध्ये बदलला असेल तर? वसतिगृहात तिला खोली मिळेल का? मला एका मुलीच्या आईने हे प्रश्न विचारले. ती मुलगी धाराशिव जिल्ह्यातली, पहिले वर्ष करून घरी गेली, कारण आई आजारी होती. आता आई बरी आहे. आईच म्हणते, "तिला परत पाठवायची आहे, पण कुठल्या खिडकीवर जायचं तेवढं सांगा." मी कॉलेजच्या कार्यालयात फोन लावला, त्यांनी विद्यापीठाच्या कार्यालयाकडे बोट दाखवले, विद्यापीठाने संकेतस्थळाकडे. संकेतस्थळावर नियम आहे, माणूस नाही.

पुढचा प्रवेशाचा हंगाम मेमध्ये सुरू होतो. त्याच्या आत कर्मचारी निवड आयोगाबरोबर आणि राज्यांच्या लोकसेवा आयोगांबरोबर एक बैठक घ्यावी, आणि या प्रमाणपत्राला व पदविकेला कोणत्या पदांसाठी अर्हता मानणार याचे लेखी उत्तर त्यांच्याकडून मागावे. उत्तर "कोणत्याच नाही" असे आले, तरी ते जसेच्या तसे जाहीर करावे. आणि त्या धाराशिवच्या आईला कोणत्या खिडकीवर जायचे, ते मला कळवावे. मी तिला फोन करेन.

आपली,
एक मराठी रहिवासी,
मयूर विहार, दिल्ली